भरून ठेवलेला पाना

बाळू, तुझ्या मेव्हण्याची, हरेश्वरची बोट आज सकाळी गेली. काल नारळ झाला, गुलाल झाला, आणि आज इंजिन पहिल्याच हँडलला लागलं. अख्खं माहीम गाव बोटीकडे बघत होतं आणि मी खाली वाळूकडे. कारण तुझ्या दहाव्याला तुला जो शब्द दिला होता तो आम्ही मोडला, आणि मोडणारा हात माझा होता. हे तुला वर कोणी भलत्याने तिखटमीठ लावून सांगण्याआधी मीच सांगतो. तुला राग येणार हे मला माहीत आहे. येऊ दे. तुझा राग मला काही नवा नाही, तुझं गप्प राहणं नवं आहे.

शब्द तुझ्या त्या टॉर्क पान्यावरून मोडला. नाहीतर दुसरं काय असणार आपल्यामध्ये भांडायला? सुमनवहिनीला तो पाना काय असतो हे मी परवा पहिल्यांदा समजावून सांगितलं. इतकी वर्षं तू तो अधूनमधून पंच्यात गुंडाळून बोयसरहून घरी न्यायचास नि तिला वाटायचं, असेल काहीतरी मोठा पाना. मी तिला म्हटलं, वहिनी, साधा पाना आपण जोर लावू तितका नट आवळतो. याचं तसं नाही. याच्या मुठीवर आकडे आहेत. मूठ फिरवून हवा तो आकडा लावायचा, म्हणजे आतली स्प्रिंग तितकी दाबली जाते. मग नट तितका घट्ट झाला की पाना हातातल्या हातात टक् करतो, म्हणजे बस झालं, थांब. ती म्हणाली, "म्हणजे हा बोलतो." मी म्हटलं, बोलतो, पण आत स्प्रिंग ठीक असेल तरच खरं बोलतो.

आठवतं तुला, कसा मिळाला होता तो? तारापूरला बांधकामावर आपण दोघं फिटर होतो. काम संपवून परदेशी लोक गेले आणि मागे राहिलेल्या सामानाचा लिलाव झाला. सगळे केबलवर नि पत्र्यांवर तुटून पडले होते. तू भंगाराच्या ढिगातून हा पाना ओढून काढलास आणि शर्टाने पुसलास. त्याच्यासोबत एक चोपडं होतं, तेलाने भिजलेलं, ते मी घेतलं. तिथेच आपली वाटणी झाली, पाना तुझा आणि पुस्तक माझं. पुढे बोयसरला गॅरेज टाकलं तरी ही वाटणी मोडली नाही. तू मला मास्तर म्हणायला लागलास तो त्या चोपड्यापायीच, आणि मग सगळं माहीम मला मास्तर म्हणायला लागलं. मी आयुष्यात एक पोरगं शिकवलं नाही.

त्या चोपड्यात एक गोष्ट जाड अक्षरात छापली होती, आणि ती मी तुला किती वेळा वाचून दाखवली याचा हिशेब नाही. काम झालं की मूठ उलटी फिरवून पाना सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवा. म्हणजे स्प्रिंग मोकळी राहते. तू ऐकून घ्यायचास, मान हलवायचास, आणि जाताना मूठ फिरवून पाना पार वरच्या आकड्यावर नेऊन खुंटीला लावायचास. मी चिडलो की म्हणायचास, "रिकामा कसा ठेऊ? आमच्यात टोपली पण रिकामी टांगत नाय."

तुझी आये मासळी विकून आली की टोपली धुवायची, उन्हात वाळवायची आणि टांगण्याआधी तिच्यात चिमूटभर खडेमीठ टाकायची. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. पोटाला देणारी वस्तू रिकामी ठेवली की ती रुसते, असं तिचं म्हणणं. म्हातारीचं ते खडेमीठ तू थेट पान्याला लावलंस. खालच्या आकड्यावर ठेवलेला पाना म्हणजे तुझ्या लेखी उपाशी पाना. मी म्हणायचो, अरे माठ्या, ही टोपली नाही, ही स्प्रिंग आहे, तिला विसावा लागतो. तू म्हणायचास, "इसावा आपल्याला कोण देतो? ती काय आपल्यापेक्षा मोठी लागून गेली?"

खंडेनवमीला तर कहर व्हायचा. सगळी हत्यारं धुऊनपुसून पाटावर मांडायची, मध्ये हा पाना, वरच्या आकड्यापर्यंत भरलेला. त्याच्या मुठीच्या खाचेत तू अंगठ्याने हळद-कुंकू असं दाबून भरायचास की जणू तिथे जखम आहे. मग दसऱ्याचा दिवस जाईपर्यंत कोणी हात लावायचा नाही. मी एकदा तुझं लक्ष नसताना मूठ उलटी फिरवून ठेवली होती. तुला नुसतं बघूनच कळलं. त्या वर्षी मला सोनं द्यायला घरी आला नाहीस, पोराच्या हाती पाठवलंस. मी पण हट्टी, मी पण आलो नाही. आपण दोघं कामाला शहाणे आणि भांडणात पोरं.

आता वाटतं, भांडायला तरी होतास. मला टायफॉइड झाला त्या साली तू गॅरेज एकट्याने ओढलंस. गिऱ्हाईक तुटू नये म्हणून सगळ्यांना सांगितलंस की मास्तर मुंबईला सामान आणायला गेलेत. मुंबईला कोणी इतके दिवस सामान आणतं का? पण लोकांनी ऐकून घेतलं, कारण सांगणारा तू होतास. आणि संध्याकाळी माहीमला पोचलास की सायकल काढून केळव्यावरून माकुणसारला यायचास. माझ्या खाटेशी बसून दिवसभरात कुठलं इंजिन खोललं, कुठला बुश गेला होता, कुठली बेअरिंग ओढता ओढेना, सगळं सांगायचास. मला धड ऐकू येत नव्हतं, तापात तुझा चेहरा दोन दोन दिसायचा. पण तू आलास की माझी बायको म्हणायची, आता यांना झोप लागेल. आणि लागायची. हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगायचं राहून गेलं असंही नाही, आपल्यात असलं काही बोलायची पद्धतच नव्हती. आज बोलतो आहे तर तू ऐकायला नाहीस.

मागच्या पावसाळ्यापासून आपण आवळून दिलेली हेडं, इंजिनांवरची ती झाकणं, परत यायला लागली. एका जनरेटरचं हेडखालचं गास्केट फुंकलं, मग सातपाटीच्या बोटीचं, मग बेटेगावच्या त्या पंपाचं. तू म्हणालास, आताची गास्केटंच भिकार येतात. मी म्हटलं, गास्केट तेच आहे, दुकान तेच आहे, पाना थकला आहे. तो लवकर टक् करतो, आपल्याला वाटतं घट्ट झालं आणि नट ढिले राहतात. त्यावर तू माझ्याकडे असं पाहिलंस की जणू मी तुझ्या आयेलाच काही बोललो. मी म्हटलं, चल, एमआयडीसीत नायरकडे देऊ, तो वजनं लावून तपासून देईल. तू हातातलं फडकं आपटलंस आणि म्हणालास, "पाना नको दाखवू. मला दाखव. मी थकलोय काय ते बघून घे एकदा."

झालं. पाना म्हटलं की तुला तुझाच हात वाटायचा. नायरकडे जाणं राहिलं. त्याच आठवड्यात तू हरेश्वरच्या बोटीचं हेड बसवायला माहीमला राहिलास. घरचंच काम, बायकोच्या भावाची बोट, म्हणून मला बोलावलंही नाहीस. सगळं एकट्याने केलंस, व्हॉल्व्ह घासलेस, नवं गास्केट घातलंस, नट आवळलेस, इंजिन सुरू करून दाखवलंस. आणि त्याच्या तिसऱ्या की चौथ्या दिवशी सकाळी पेजेचं ताट समोर असताना छातीत कळ आली नि तू गेलास. पालघरच्या दवाखान्यापर्यंतही पोचला नाहीस. मला निरोप आला तेव्हा मी गॅरेजात होतो आणि खुंटी रिकामी होती, पाना तू माहीमला नेला होतास. मी आधी पान्याचा विचार केला आणि मग तुझा. माणूस किती नालायक असतो बघ.

तुझ्या दहाव्याला आम्ही सगळे खाडीच्या काठी जमलो. पिंड ठेवला. सुरूच्या झाडांवर कावळे बसलेले, पण एक खाली येईना. ऊन चढायला लागलं. मग नेहमीसारखं सुरू झालं. तुझा भाऊ म्हणाला, आयेला मी बघीन. तुझा मामा म्हणाला, पोरीचं लग्न तू ठरवलंस तिथेच करू. कावळे जागचे हलले नाहीत. बायका रडायला लागल्या, बाळूचा जीव कशात अडकलाय म्हणून. शेवटी हरेश्वर पुढे झाला आणि हात जोडून म्हणाला, "भावोजी, इंजिनाची काळजी हाय ना तुमाला? तुमी बसवलंय तसंच ऱ्हाईल ते. तुमच्या हातचं शेवटचं काम हाय. त्याला कोण हात लावणार नाय." आणि बाळू, कावळा उतरला. सरळ येऊन पिंडाला शिवला.

मी रडलो. सगळ्यांसारखाच रडलो, खोटं कशाला सांगू? पण रडताना माझ्या डोक्यात एकच होतं, की आता संपलं. आता त्या हेडला कोणी हात लावू देणार नाही, आणि ते हेड जर ढिलं असेल तर बोट भर समुद्रात बंद पडणार. नारळी पौर्णिमेनंतरचा समुद्र तुला मी सांगायला नको. बोटीवर हरेश्वर, त्याचे दोन पोरगे आणि खलाशी. त्या कावळ्याला इंजिनातलं काय कळतं, असं मी मनात म्हणालो. आणि लगेच वाटलं, तो तूच असशील तर? तू असलास तरी मी तेच म्हणालो असतो, म्हणून मग फार मनाला लावून घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी वहिनीकडून पाना मागून घेतला आणि बोयसरला नायरकडे गेलो. मला आशा होती, खरंच होती, की तो म्हणेल पाना ठीक आहे. मग मी पुस्तक गुंडाळून ठेवलं असतं आणि तुझी माफी मागितली असती. नायरने पाना टेबलाच्या पकडीत बसवला, दांड्यावर वजनं टांगली. पाना टक् झाला. त्याने माझ्याकडे बघितलं, वजनं काढली, पुन्हा टांगली. पुन्हा तिथेच टक्. लावलेल्या आकड्यापेक्षा रुपयात चार आणे कमी, बाळू. मग त्याने विचारलं, "इसको भर के रखते थे क्या?" मी हो म्हटलं. "रोज?" मी म्हटलं, रोज. "स्प्रिंग बैठ गया है," तो म्हणाला, आणि पाना खोलायला घेतला.

ग्रीस काढताना आतून पिवळं नि लाल निघालं. नायर चिंधीवर ते घेऊन बघत राहिला. "ये रंग किधर से आया?" मी म्हटलं, पूजा का है. मला वाटलं हसेल. हसला नाही. त्याने ती चिंधी कचऱ्याच्या डब्यात न टाकता बाजूला खिडकीत ठेवली आणि हात पुसून पुढचं काम केलं. तशी दुसरी स्प्रिंग मिळणार नव्हती. त्याने आत वॉशर घातले, मागचा स्क्रू आवळला, वजनं लावून बघितलं, पुन्हा खोललं, पुन्हा आवळलं. दुपार गेली त्याची. शेवटी आकडा नि वजन जुळलं. पाना माझ्या हातात देताना तो म्हणाला, "अभी ठीक बोलेगा. लेकिन रात को खाली करके रखना." तुझ्यासमोर हे वाक्य दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकायची माझी किती इच्छा होती. आणि ऐकलं तेव्हा मला तिथून पळून जावंसं वाटलं.

हरेश्वर ऐकेना. मी त्याला सगळं सांगितलं, वजनांचं सांगितलं, परत आलेल्या हेडांचं सांगितलं. तो जाळ्याची गाठ मारत बसला होता, वर बघेना. "मास्तर, कावळा शिवलाय," तो म्हणाला. "सगळ्या गावासमोर शब्द दिलाय. आता मी पाना लावू दिला तर गाव काय बोलंल? भावोजीचं काम कच्चं होतं बोलतील. मेल्या माणसाचं नाव मी घालवू?" मी म्हटलं, आणि मध्येच इंजिन बसलं तर? "तर दैव," तो म्हणाला. मला इतका संताप आला की मी चहा न घेता उठलो. पण रस्त्यात लक्षात आलं की तो तुझ्यासाठीच अडून बसला होता, आणि मी तुझं काम कच्चं होतं हे गावाला ओरडून सांगायला निघालो होतो. दोघांत तुझा कोण, हे कोणी मला विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

मग मी सुमनवहिनीकडे गेलो. दुसरं कोण होतं? तेव्हाच तिला पाना काय ते समजावलं, टक् करून दाखवला. तिने सगळं ऐकून घेतलं. चुलीपुढे बसून बराच वेळ राख सारखी करत राहिली. मी म्हटलं, वहिनी, त्याचा हात खोटा नव्हता, पाना खोटा होता. ती म्हणाली, "भाऊ, पाना कोणाचा होता?" मी पाना फडक्यात गुंडाळायला घेतला. मग ती म्हणाली, "यांचं नाव गेलं तर जाऊ दे. गाव चार दिवस बोलंल नि गप बसंल. पण हरेश्वर गेला तर मी म्हायेर कुठं शोधू?" आणि पदर खोचून उठली. नुकतं कपाळ पुसलेली बाई, गावातून चालत भावाच्या दारात गेली आणि त्याला काय बोलली ते मला माहीत नाही. मी लांब उभा होतो. हरेश्वर बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. मला म्हणाला, "उद्या सकाळी या. माझ्यासमोर नको."

म्हणून मी गेलो. बोट अजून ओंडक्यांवर होती. हरेश्वर कुठे दिसला नाही, पण वहिनी होती. मी नको म्हणालो तरी शिडीवरून वर आली आणि इंजिनाशेजारी फळीवर बसली. तुझं काम मी बघितलं. हेडवर तेलाचा एक थेंब नव्हता, सगळं पुसून लख्ख केलेलं, तू करायचास तसं. मी आपण नेहमी लावायचो तोच आकडा लावला, मधल्या नटावर पाना बसवला आणि ओढला. पाना टक् व्हायच्या आधी नट फिरला, म्हणजे ढिलाच होता.

"फिरला?" वहिनीने विचारलं.

"फिरला."

दुसरा बसवला. तो पण फिरला. तिने पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यानंतर तिने विचारायचं सोडलं. मी मधून बाहेर, एकाआड एक, आपण करायचो त्याच क्रमाने जात होतो. मध्येच ती म्हणाली, "म्हंजे आता याच्यात यांच्या हातचं काय नाय ऱ्हायलं." मी म्हटलं, असं कसं वहिनी, आतलं सगळं त्याचंच आहे, व्हॉल्व्ह त्याने घासलेत, गास्केट त्याने बसवलंय, मी फक्त वरून आवळतो आहे. "आतलं कोणाला दिसतं?" ती म्हणाली आणि तोंड वळवून समुद्राकडे बघत बसली. मी पुढच्या नटाला पाना बसवला.

बाळू, आपला वाद मी जिंकलो. पुस्तक खरं निघालं, तू खोटा पडलास. इतकी वर्षं मला हेच हवं होतं ना? आणि तिथे त्या बोटीत वाकून प्रत्येक नटाला पाना लावताना मी मनात म्हणत होतो, हा नको फिरू दे. एक तरी घट्ट असू दे बाळूचा. एक जरी जागचा हलला नसता तरी मी गावभर सांगत सुटलो असतो, हरेश्वरला हाका मारून बोलावलं असतं, वहिनीच्या हातात पाना देऊन म्हटलं असतं, तुम्हीच ओढून बघा.

शेवटी कोपऱ्यातला एक राहिला. त्याला पाना बसवला आणि इतका हळू ओढला की वहिनीला वाटलं मी दमून थांबलो.

तोही फिरला.